कॅराव्हॅनचा एसी मध्येच बंद पडतो: गॅस भरण्याआधी काय तपासायचं

शुक्रवारी संध्याकाळी पवना धरणाच्या काठावर कॅराव्हॅन लावायची, एसी सुरू करायचा. वीस मिनिटं छान गार हवा येते आणि मग नुसता पंखा फिरत राहतो. रविवारी पुण्यात परतल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तोच एसी तासन्‌तास बिनतक्रार चालतो. मेकॅनिक येतो, कॉइलला हात लावून बघतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो आणि गॅस भरून जातो. पुढच्या शुक्रवारी पवनेला पुन्हा तेच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. सिस्टिम सीलबंद असते. गळती असेल तरच गॅस कमी होतो, आणि कमी झालेला गॅस पुण्यातही कमीच असणार. मग पवनेला, मुळशीला किंवा भोरकडे गेल्यावर बदलतं काय? विजेचा दाब, वायरची लांबी, ऊन आणि वाटेत बसलेले हादरे. मध्येच बंद पडणाऱ्या एसीचं कारण बहुतेक वेळा या चारांत सापडतं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी घड्याळ आणि मीटर हातात घ्या.

इथे लिहिलेलं मुख्यतः दोन प्रकारच्या एसींना लागू आहे. एक, छतावर बसणारा तयार रूफटॉप एसी, साधारण १३,५०० बीटीयूचा, म्हणजे एक टनाहून जरा मोठा. दोन, घरगुती एक टनाचा स्प्लिट किंवा विंडो एसी, जो आपल्याकडे बॉडी बांधणारे वर्कशॉपवाले कॅराव्हॅनमध्ये बसवून देतात. बॅटरीवर थेट चालणाऱ्या १२ आणि २४ व्होल्टच्या एसींबद्दल मध्ये एक परिच्छेद आहे.

काय बंद पडतं आणि किती वेळानं

‘एसी बंद पडला’ एवढ्यावर काहीच कळत नाही. पंखा चालू आहे आणि फक्त कॉम्प्रेसर थांबलाय, की सगळंच मेलंय? सुरू केल्यापासून किती मिनिटांनी? आपोआप परत सुरू होतो का, आणि किती वेळानं? एवढं कागदावर लिहिलं की निम्मं निदान झालंच.

सुरू करताच कॉम्प्रेसर ‘हूंऽऽ’ करतो, पाच-दहा सेकंदांत टक् आवाज येतो आणि गप्प होतो: विजेचा दाब कमी, कपॅसिटर (कॉम्प्रेसरची मोटार सुरू करायला मदत करणारा भाग) कमजोर, किंवा आत्ताच बंद केलेला एसी लगेच चालू केलाय. या शेवटच्या कारणासाठी काही करावं लागत नाही. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, तेवढं थांबा.

दहा-वीस मिनिटं नीट चालून कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालूच, आणि अर्ध्या तासानं आपोआप परत गार हवा येते: कॉम्प्रेसर तापून ओव्हरलोड, म्हणजे त्याला वाचवणारा स्विच, सुटतोय. तास-दोन तासांनी हवेचा झोत हळूहळू मंदावतो आणि बंद केल्यावर पाणी ठिबकतं: आत बर्फ जमतोय. दर तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होतो पण खोली काही गार होत नाही: सेन्सरला थंडीचा चकवा बसतोय. आणि रिमोटची पीप सुद्धा येत नसेल तर आधी एमसीबी, आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि प्लग बघा. परदेशी बनावटीच्या बऱ्याच रूफटॉप एसींमध्ये कॉम्प्रेसर २३० व्होल्टवर चालतो, पण थर्मोस्टॅट आणि कंट्रोल बोर्ड गाडीच्या १२ व्होल्टवर. तिथला लहानसा फ्यूज गेला किंवा गाडीची बॅटरी उतरली तर बाहेरची वीज भरपूर असूनही एसी मुका राहतो. हा फ्यूज तपासायचं सुचत नाही, आणि छतावरचं युनिट विनाकारण खाली उतरवलं जातं.

वीज: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एक टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालताना ५ ते ६ अँपिअर घेतो. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर २५ ते ३० अँपिअर ओढतो. त्या क्षणी दाब किती खाली जातो यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेमकी तीच गोष्ट कोणी मोजत नाही. सकाळी मीटर लावून ‘२२५ आहे, ठीक आहे’ म्हणायला काहीच अर्थ नाही.

हिशेब करून बघू. कॅम्पच्या बोर्डापासून कॅराव्हॅन ३० मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांब्याची लांबी ६० मीटर. एक चौरस मिलिमीटरची वायर असेल तर तिचा रोध साधारण १.१ ओहम. चालताना ६ अँपिअरला साडेसहा व्होल्ट जातात, ते खपून जातं. सुरू होताना २८ अँपिअरला मात्र ३० व्होल्ट जातात. शनिवारी रात्री आठ वाजता, काठावरचे सगळे तंबू, गिझर आणि साउंड सिस्टिम एकाच ट्रान्सफॉर्मरवर असताना बोर्डावरच २०५ व्होल्ट असतील, तर कॉम्प्रेसरला मिळाले १७५. तो फिरणार नाही, नुसता गुरगुरेल. याच ठिकाणी अडीचची वायर असती तर १२-१३ व्होल्ट गेले असते आणि १९२ वर तो कसाबसा का होईना, उचलला असता. चारची वायर असेल तर घट फक्त ८ व्होल्ट.

म्हणून नियम साधा ठेवा. २५ मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअरची तांब्याची लवचीक केबल, त्यापुढे चारची. टोकाला १६ अँपिअरचा औद्योगिक निळा प्लग किंवा चांगल्या प्रतीचा १६ अँपिअर टॉप. तपकिरी रंगाची बाजारू एक्स्टेन्शन रीळ एसीला लावू नका. तिच्यात बहुधा पाऊण किंवा एकची वायर असते, आणि गुंडाळलेल्या रीळमधली उष्णता बाहेर पडत नाही म्हणून आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. जाड केबलसुद्धा पूर्ण उलगडूनच वापरायची. १६ चा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घुसवणारा कन्व्हर्टर गाडीत ठेवूच नये. हाताशी असला की वापरला जातो.

आता मोजायचं कसं. मल्टिमीटर कॅराव्हॅनच्या आतल्या सॉकेटला लावा, बोर्डावरच्या नव्हे. मीटरमध्ये ‘मिन’ धरून ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर डोळे आकड्यावर ठेवा. एसी सुरू करा. सुरू होताना १८५ च्या खाली गेला किंवा चालताना २०० च्या खाली राहिला तर दोष एसीत शोधू नका. मग बोर्डावर जाऊन तेच मोजा. बोर्डावर ठीक आणि गाडीत कमी म्हणजे केबल, प्लग किंवा एखादा सैल स्क्रू. बोर्डावरच कमी म्हणजे कॅम्पची लाइन, आणि तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही.

स्टॅबिलायझर लावू का, असं हमखास विचारलं जातं. बोर्डावरच दाब सतत १८०-१९० असेल तर लावा, तीन मिनिटांच्या टायमरचा. पण एक ध्यानात ठेवा, स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. १७० चे २२० करताना तो लाइनमधून ६ च्या जागी ८ अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल तर घट आणखी वाढते, स्टॅबिलायझरचे रिले टकटक करत बसतात आणि एसी आधीपेक्षा जास्त वेळा बंद पडतो. आधी केबल बदला, मग स्टॅबिलायझरचं बघा.

याच वेळी अर्थिंग तपासून टाका, कारण गाडी रबरी टायरांवर उभी असते आणि तिसरी पिन सोडली तर जमिनीशी तिचा भरवशाचा संबंध नसतो. फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत. फेज-अर्थमध्ये काहीतरी ६०-७० दाखवत असेल तर तिथे अर्थिंग नाहीच, नुसतं भोक आहे. अशा जागी एसी लावू नका. गाडीच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं जाणवत असेल तर ‘थोडासा करंट येतो’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. पावसाळ्यात ओल्या गवतावर उभं राहून दार उघडणारा माणूस यात जातो.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तिला बायपास करणं हा उपाय नव्हे. पावसानंतर पडत असेल तर कॉम्प्रेसरच्या टर्मिनलची टोपी किंवा बाहेरच्या पंख्याची जोडणी ओली झालेली असते. वाळवून, ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वाइंडिंग आणि बॉडी यांतला रोध मोजायचा. एक मेगओहमच्या खाली आला तर एसी चालवायचा नाही.

जनरेटर आणि बॅटरीवर

जनरेटरवर पंखा चालतो, कॉम्प्रेसर लागताच इंजिन दबतं आणि सगळं बंद पडतं, ही तक्रार महाबळेश्वर-पाचगणीहून जास्त येते, त्याला कारण आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. पुणे ५६० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे पुण्यात सहा-सात टक्के गेलेलेच असतात, वर तेच पंधरा टक्क्यांवर जातात. पुण्यात जेमतेम ओढणारा जनरेटर तिथे हात टेकतो. साध्या एक टनाच्या एसीला तीन केव्हीएच्या आसपासचा जनरेटर लागतो. दोन केव्हीएचाच असेल तर कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवा. सुरुवातीचा झटका त्यानं निम्म्याहून कमी होतो. ‘हार्ड स्टार्ट किट’ नावाची वस्तू वेगळी आहे. ती कॉम्प्रेसरला जोर देते, पण झटका त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून लहान जनरेटरवर तिचा फार उपयोग नाही. इन्व्हर्टर एसीला या दोन्हीपैकी काहीही लावायचं नाही.

जनरेटरचा इको स्विच (भार कमी असताना इंजिनाचा वेग उतरवणारा) एसी सुरू करताना बंद ठेवा. दोन महिने टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरतो. मीटरवर फ्रीक्वेन्सी बघा. भाराखाली ५० वरून ४७ हर्ट्‌झच्या खाली घसरत असेल तर इंजिन दमलंय, एसी नाही. आणि जनरेटर खिडकीखाली किंवा मंडपाच्या कापडात कधीच नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बॅटरी-इन्व्हर्टरवर चालवताना प्युअर साइन वेव्हच हवा. स्क्वेअर वेव्हवर मोटार गुणगुणते, तापते आणि एसीचा बोर्ड उडतो. २४ व्होल्टच्या संचावर एक टनाचा एसी ५० ते ५५ अँपिअर घेतो. एसी चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. फरक ०.३ पेक्षा जास्त आला तर केबल बारीक आहे किंवा थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) सैल आहे. अशा वेळी बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणून कापतो. लिथियम बॅटरी अचानक पूर्ण मेल्यासारखी झाली तर बीएमएसनं (बॅटरीच्या आतल्या संरक्षक बोर्डानं) तोडलेली असते. एखादा सेल बाकीच्यांच्या मागे पडला की एकूण व्होल्ट चांगले दिसत असतानाही हे घडतं.

थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या एसीत हाच आजार जास्त तीव्र. ८०० वॅटना ६७ अँपिअर लागतात. बॅटरी चार मीटरवर आणि केबल १० चौरस मिलिमीटरची असेल तर एक पूर्ण व्होल्ट वाटेतच जातो, आणि १२ मधला एक व्होल्ट म्हणजे फार मोठा घास. २५ ची केबल टाकली की ही घट ०.४ वर येते. असे एसी दुरुस्तीला नेण्याआधी केबल बदलून बघावी, बरेचसे तिथेच सुटतात.

कपॅसिटर

विजेचा दाब ठीक आणि तरी गुरगुर-टक् चालूच, तर कपॅसिटर. दुरुस्त्यांमधला सगळ्यात स्वस्त भाग, आणि कडक उन्हात गाडीच्या छतावर तापत राहिल्यामुळे घरातल्यापेक्षा लवकर जाणारा. एमसीबी बंद करून प्लग काढा. झाकण उघडल्यावर वायरींचा फोटो घ्या. कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी पाडण्याऐवजी २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही टोकांना चार-पाच सेकंद धरा आणि मीटरनं शून्य झाल्याची खात्री करा. मगच वायरी काढून मायक्रोफॅरड मोजा.

डब्यावर ३५ ± ५ टक्के लिहिलं असेल तर ३३.२५ ते ३६.७५ मध्ये यायला हवा. ३१ आला तर ‘चालतोय की’ म्हणू नका. कमजोर कपॅसिटरवर कॉम्प्रेसर चालतो, पण जास्त अँपिअर ओढून, आणि मग वीस मिनिटांनी ओव्हरलोडवर सुटतो. म्हणजे लक्षण दुसऱ्याच आजाराचं दिसतं. वरून फुगलेला किंवा तेल सुटलेला असेल तर मोजत बसू नका, बदला.

पुण्यात तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर जुना कपॅसिटर बरोबर न्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट ४४० एसी (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट). तीन टोकांचा जोडकपॅसिटर असेल, उदाहरणार्थ ३५+५, तर तसाच घ्या. एक टोक कॉम्प्रेसरचं, एक पंख्याचं, एक सामाईक. ‘जरा मोठा टाका, जोर येईल’ हा दुकानातला सल्ला ऐकू नका. मोठ्या कपॅसिटरनं स्टार्ट वाइंडिंग तापतं.

वीस मिनिटांनी सुटणारा कॉम्प्रेसर

कॉम्प्रेसरच्या डोक्यावर किंवा पोटात एक ओव्हरलोड असतो. तापमान किंवा करंट मर्यादेबाहेर गेला की तो सर्किट तोडतो आणि थंड झाल्यावर जोडतो. तो सुटतोय म्हणजे आपलं काम करतोय, त्याला बदलून किंवा जोडून टाकून काही साधत नाही. का तापतंय, ते शोधायचं.

क्लॅम्प मीटर कॉम्प्रेसरच्या एकाच वायरीभोवती अडकवा आणि एसीवर चिकटवलेल्या माहितीच्या पाटीवरच्या रनिंग अँपिअरशी ताडून बघा. पाटीपेक्षा जास्त आणि वाढत चाललेला असेल तर कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी) कॉइल घाण, बाहेरचा पंखा मंद, कपॅसिटर कमजोर किंवा विजेचा दाब कमी. पाटीपेक्षा बराच कमी आणि तरी कॉम्प्रेसर चटका बसण्याइतका गरम, तर गॅस खरंच कमी आहे. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरला गार ठेवतो. या एका मापानं गॅसवाल्याचं म्हणणं खरं की खोटं हे दोन मिनिटांत कळतं.

कंडेन्सरची जाळी वरून स्वच्छ दिसते म्हणून फसू नका. चाकण-तळेगाव रस्त्यावरची धूळ, बांधकामांची सिमेंट भुकटी आणि पुढच्या ट्रकची काजळी पंख्यांच्या पात्यांसारख्या पातळ फिन्सच्या आतल्या थरात बसते. विजेरी एका बाजूनं मारा, दुसऱ्या बाजूला उजेड दिसतो का बघा. वीज तोडून, मोटार आणि बोर्ड प्लॅस्टिकनं झाकून, आतून बाहेरच्या दिशेनं साध्या पाइपनं हलकं पाणी सोडा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप फिन्स आडव्या करतो आणि मग त्या विंचरत बसाव्या लागतात. तेलकट काजळीला भांड्याचा सौम्य साबण पुरतो. वाघोली, बावधनकडच्या टँकरचं किंवा बोअरचं कठीण पाणी असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा मारा, नाहीतर पांढरा क्षार बसतो.

बाहेरचा पंखा वीज तोडून हातानं फिरवून बघा. मोकळा दोन-तीन फेऱ्या मारायला हवा. अडखळत असेल तर बेअरिंग गेलंय. गार असताना चालतो, तापल्यावर जड होतो, म्हणून तुम्ही तपासता तेव्हा ठीक वाटतो. उलट्या दिशेनं फिरत असेल तर वायरी चुकल्यात.

घरगुती स्प्लिटचं बाहेरचं युनिट कॅराव्हॅनच्या मागे किंवा हिचवरच्या पेटीत बसवलेलं असेल तर जागा मोजा. मागून हवा घ्यायला किमान १५ ते ३० सेंटिमीटर आणि पुढे हवा फेकायला अर्धा मीटरहून जास्त मोकळं हवं. दिसायला बरं म्हणून पुढे जाळीचं दार लावलेलं असतं, तीच गरम हवा आत वळून परत कॉइलवर येते. दार उघडं ठेवून तासभर चालवून बघा. सुटायचं थांबलं तर वेल्डरकडे जा, एसीवाल्याकडे नको.

कॉम्प्रेसर जळालाय असं सांगितलं गेलं तर आधी तो पूर्ण गार होऊ द्या, दोन-तीन तास. मग सी (कॉमन), एस (स्टार्ट), आर (रन) या तीन टोकांतला रोध मोजा. आर-एस मधला रोध हा सी-आर आणि सी-एस यांच्या बेरजेइतका यायला हवा. सी पासून दोन्हीकडे काहीच नाही पण आर-एस मध्ये आकडा येतो, तर आतला ओव्हरलोड उघडा आहे, वाइंडिंग शाबूत आहे. गरम कॉम्प्रेसर मोजून ‘गेला’ म्हणणारे कमी नाहीत.

बर्फ

हवा कमी झाली की कॉइल शून्याखाली जाते आणि बर्फ धरते. क्रमानं बघा: फिल्टर, आतल्या ब्लोअरच्या पात्यांवरचा काळा थर, बंद करून ठेवलेले व्हेंट, पंखा ‘लो’वर आणि तापमान १६ वर. जुलैत लोणावळ्याला रात्री बाहेर २१-२२ अंश असताना एसी १६ वर लावणं म्हणजे बर्फाला आमंत्रण. २४-२५ वर, पंखा ‘हाय’वर ठेवा. बर्फ झालाच तर कॉम्प्रेसर बंद, पंखा चालू, तासभर. चाकूनं खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की कॉइल गेलीच.

रूफटॉपमध्ये कॉइलच्या फिन्समध्ये खोवलेला एक छोटा फ्रीझ सेन्सर असतो. घाटातल्या हादऱ्यांनी तो निसटून लोंबकळतो आणि बर्फ होताना एसीला कळतच नाही. परत खोवा, प्लॅस्टिकच्या बंधानं अडकवा.

तीन-तीन मिनिटांचा खेळ

हा दोष खास रूफटॉपचा आणि फार छळणारा. छतातल्या पेटीत थंड हवा सोडणारा कप्पा आणि खोलीतली हवा ओढणारा कप्पा शेजारी-शेजारी असतात, मध्ये एक पातळ पडदा. तो नीट बसला नाही, किंवा फोमची पट्टी सुटली, की थंड हवा खाली यायच्या आत पलीकडच्या कप्प्यात जाते. सेन्सरला वाटतं खोली गार झाली, कॉम्प्रेसर बंद. खाली माणसं घामाघूम.

खालची जाळी काढा, फिल्टरच्या बाजूनं हात घाला. गार झुळूक लागली तर फट आहे. रुंद अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेपनं सगळे सांधे बंद करा. साधी कापडी टेप उन्हाळ्यात गोंद सोडते. डक्टच्या तोंडाशीही तेच. छताच्या जाडीत, थर्माकोल दिसतो तिथे, हवा जात असेल तर ती वाटही बंद करा.

वरची पेटी उघडलेलीच आहे तर चार बोल्टही बघून घ्या. छतातलं भोक साधारण ३५ सेंटिमीटर चौकोनी असतं आणि त्याभोवतीचं गॅस्केट दाबून अर्ध्या इंचाच्या आसपास राहायला हवं. सैल असेल तर पाणी गळतं. पण आवळून अगदी चपटं केलं तरी गळतं, आणि वर छत वाकून पाणी तिथेच साठतं. चारही बोल्ट आळीपाळीनं, थोडे-थोडे.

हादऱ्यांनी सुटणाऱ्या गोष्टी

भिंतीवर बसायला बनवलेला स्प्लिट एसी वरंध किंवा ताम्हिणी घाटातून आणला की तांब्याच्या नळ्या जोडणारे पितळी फ्लेअर नट सैल होतात आणि तांब्याची नळी जिथे कडक वळते तिथे चीर पडते. नटाभोवती तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली, हीच गळतीची जागा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. दुरुस्तीच्या वेळी बाहेरच्या युनिटपाशी नळीचा एक मोकळा वेढा द्यायला सांगा आणि प्रत्येक ३०-४० सेंटिमीटरवर रबर घालून क्लॅम्प. चार कोपऱ्यांना रबर माउंट नसतील तर ते आधी.

वायरींचं म्हणाल तर कॉम्प्रेसर, कपॅसिटर आणि रिले यांच्यावरचे चपटे लग हलक्या हातानं ओढून बघा. तपकिरी पडलेला, वितळलेल्या प्लॅस्टिकचा लग तसाच घट्ट करू नका, कापून नवा लावा. सहा महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली सेन्सरची वायर, रिलेत चिरडलेल्या मुंग्या, बोर्डावर चिकटून मेलेली पाल, हे तिन्ही नेहमीचे. बोर्ड बदलायच्या आधी तो काढून ब्रशनं साफ करून बघावा.

आणि खरंच गॅस कमी असेल तर

गळती शोधल्याशिवाय गॅस भरून घेऊ नका. गळती बंद, मग नायट्रोजननं दाब धरतो का ते बघणं, मग व्हॅक्युम पंप किमान अर्धा तास, मग पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर. मेकॅनिकनं काटा आणलेला नसेल तर त्याला परत पाठवा. आर-४१०ए मिश्रण आहे, ते द्रवरूपातच भरायचं असतं. अर्धवट गळालेल्यावर वरून थोडं टाकलं तर प्रमाण बिघडलेलं असू शकतं. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर प्रोपेनच आहे, तेव्हा काम दारं-खिडक्या उघडून, गाडीतला शेगडीचा सिलिंडर बाहेर काढून. बऱ्याच रूफटॉपना गॅसचा व्हॉल्व्हच नसतो. त्यात टोचा व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून बसवायचा) बसवून घेतला तर पुढची गळती बहुधा तिथूनच सुरू होते.

सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं, तर शेवटी थर्मामीटर लावा. आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल (पावसाळ्याच्या दमटपणात थोडा कमी), कॉम्प्रेसर न सुटता चालत असेल, आणि तरी एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत आत २८-२९ च्या खाली जात नसेल, तर एसी आजारी नाही. पातळ भिंतींच्या पत्र्याच्या खोलीत एक टन एवढंच करतो. छतावरचा व्हेंट बंद करा, पुढच्या काचेला चकाकता पडदा लावा, गाडी झाडाखाली किंवा निदान लांब बाजू उत्तर-दक्षिणेला तोंड करून उभी करा, आणि एसी दुपारी दोनला नव्हे, सकाळी अकराला सुरू करा. तापलेल्या फर्निचरला गार करण्यात पहिले दोन तास जातात.